हनोईच्या संग्रहालयात महाराज शोधायला गेलो होतो

कोरेगावचा_मास्तर
२६ जानेवारी, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इतिहास आणि मराठी शिकवून निवृत्त झालोय. शिवजयंतीला आजूबाजूच्या गावांतनं भाषणाचं बोलावणं असतं, अजूनही येतं. त्या भाषणाचा शेवट गेली पंधरा-सोळा वर्षं ठरलेला. एवढ्याशा व्हिएतनामनं बलाढ्य अमेरिकेला लोळवलं. पत्रकारांनी त्यांच्या अध्यक्षांना विचारलं, हे जमलं कसं? ते म्हणाले, आम्ही शिवाजी राजाचं चरित्र वाचलं! मग त्यांच्या परराष्ट्रमंत्री बाई भारतात आल्या, ताजमहाल नको म्हणाल्या, रायगडावर गेल्या, तिथली माती कपाळाला लावली आणि मूठभर पिशवीत घालून मायदेशी नेली. इथं मी दोन सेकंद थांबायचो. मग मंडप दणाणायचा. कुठं थांबायचं हेसुद्धा पाठ झालेलं.

गोष्ट मला कुणी सांगितली, आठवत नाही. कुठं वाचली, तेही आठवत नाही. पुढं ती मोबाईलवर फिरायला लागली तेव्हा तर मला वाटलं, चला, आता छापूनच आली.

या जानेवारीत मुलानं आम्हा दोघांना व्हिएतनामच्या सहलीला पाठवलं. हनोईत एक दिवस मोकळा होता. मंडळी खरेदीला पांगली. सौ. म्हणाल्या, तुम्ही बरोबर असलात की भावच पाडता येत नाही, तुम्ही तुमचं बघा. मी राष्ट्रीय इतिहास संग्रहालय गाठलं. मनात सरळ हिशोब होता: एवढी मोठी गोष्ट, कुठंतरी एखादी पाटी, एखादं चित्र असणारच. फोटो काढायचा आणि १९ फेब्रुवारीला मोठ्या पडद्यावर दाखवायचा.

ऑपेरा हाऊसच्या मागं ही पिवळी इमारत आहे. फ्रेंचांनी १९२६ ते १९३२ मध्ये बांधली, एर्नेस्ट एब्रार नावाच्या वास्तुविशारदानं. एकावर एक उतरती छपरं, मधे अष्टकोनी मनोरा, खाली जाड खांब. देऊळ आणि कलेक्टर कचेरी यांची सोयरीक लावल्यासारखी दिसते. तेव्हा तिचं नाव लुई फिनो संग्रहालय होतं, १९५८ पासून ती त्यांची स्वतःची झाली.

पोचलो तर पावणेबारा. दारावरच्या माणसानं घड्याळावर बोट ठेवून दाखवलं: बारा ते दीड बंद. पुणे आठवलं. समोर बसून चहा घेतला. तिकडं चहाला 'चा' म्हणतात, आपल्या 'च्या'च्या अगदी शेजारचं. पण 'चाय' म्हणू नका, त्याचा अर्थ शाकाहारी. मी टपरीवर 'चाय' म्हणालो तर बाईनं टोफू दाखवला.

दीडला आत. तिकीट ४०,००० डोंग. आकड्यानं पोटात गोळा आला, रुपयात केलं तर सव्वाशे-दीडशे. परदेशी म्हणून वेगळा दर नव्हता.

पहिल्याच दालनांत डोंग सन काळातले काशाचे ढोल आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे आणि त्याहूनही जुने. त्यातला न्गोक लू गावचा ढोल १८९३ मध्ये सापडला. तोंडाचा व्यास ७९ सेंटीमीटर, मधोमध चौदा किरणांची चांदणी, भोवती वर्तुळांमागं वर्तुळं: हरणं, लांब चोचीचे पक्षी, पिसांचा साज केलेली माणसं, भात कांडणारी जोडी. मी हलगीच्या गावचा. हात पाठीमागं बांधून उभा राहिलो, नाहीतर बोटं आपसूक काचेवर वाजली असती.

पुढं लाकडाचे खुंट.

पहिल्यांदा मी ओलांडूनच गेलो. काळपट, चिरा गेलेले ओंडके, जुनी मेढ उपटून आणावी तसे. मागच्या भिंतीवर नदीतल्या लढाईचं भलंमोठं चित्र. तेवढ्यात शाळेची सहल आली, चाळीसेक पोरं. त्यांच्या बाई खुंटांपुढं थांबल्या आणि शिकवायला लागल्या. मला एक शब्द कळत नव्हता. पण बाईंनी डाव्या हाताची बोटं वर करून ताठ धरली, उजवा तळवा आडवा त्यांच्यावर आणला, म्हणजे पाणी. पाणी चढलं, बोटं बुडाली. एका पोराला पुढं ओढलं, त्याच्या हातातली वही म्हणजे जहाज. वही तळव्यावरनं झोकात आत गेली. मग तळवा हळूहळू खाली. बोटं वर. वही अडकली! पोरं खिदळली. चौतीस वर्षं शिकवलंय हो, हे मला दुभाष्याशिवाय कळलं.

पाटीवर इंग्रजीत होतंच. बाक डांग नदी. ९३८ साली न्गो क्वेन यानं नदीच्या तळात टोकदार खुंट ठोकले, भरतीच्या वेळी छोट्या होड्यांनी पळून जायचं सोंग करून चिनी आरमाराला आत ओढलं आणि ओहोटी लागल्यावर उलटून हल्ला केला. चीनची हजार वर्षांची सत्ता तिथं संपली. नंतर १२८८ मध्ये त्रान हुंग दाओ या सेनापतीनं त्याच नदीत तीच युक्ती मंगोल बादशहा कुबलाई खानाच्या आरमारावर केली. साडेतीनशे वर्षांनी, तोच डाव, तीच नदी! मंगोलांनी १२५८, १२८५ आणि १२८७-८८ अशा तीन स्वाऱ्या केल्या आणि तिन्ही वेळा त्यांना परतावं लागलं. राजधानी रिकामी करून द्यायची, धान्याचा कण मागं ठेवायचा नाही, शत्रू उपाशी आणि आजारी पडला की घाला घालायचा.

मी तिथंच बाकावर बसून हिशोब घातला. १२८८. आमच्याकडं नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी व्हायला अजून दोन वर्षं होती. महाराजांच्या जन्माला ३४२.

तरी खोड जाईना. तिथं एक देखरेखीच्या बाई बसल्या होत्या. फोनवर भाषांतराची सोय असते ना, त्यात मराठीत बोललो: 'तुमच्या संग्रहालयात शिवाजी महाराजांबद्दल काही आहे का?' फोन काहीतरी बोलला. बाईंचा चेहरा उजळला. उठल्या, खुणेनं 'या' म्हणाल्या. माझं काळीज धडधडायला लागलं, खरंच सांगतो. जिना चढून वर नेलं आणि एका मूर्तीपुढं उभं केलं.

शिव. चाम लोकांच्या देवळातला, वालुकाश्मातला. फोननं 'शिवाजी'तला 'जी' आदराचा समजून सोडून दिला असणार.

बाई इतक्या कौतुकानं माझ्याकडं बघत होत्या की मी हात जोडले. त्यांनीही जोडले.

आता मुद्द्याचं. १९ फेब्रुवारीच्या तीन सुपाऱ्या आल्यात. शेवट काय करू?

----

भडंग_स्पेशल (सांगली)

सर, लेख लै भारी, पण शेवट पटला नाही. एका संग्रहालयात पाटी नाही म्हणजे गोष्ट खोटी का? हो ची मिन्ह सिटीत महाराजांचा पुतळा आहे, माझ्याकडं फॉरवर्ड आहे फोटोसकट. गुगल करा.

----

तळटीप

@भडंग, फोटो निरखून बघा, मागं मराठी दुकानाची पाटी दिसते का ते.

गोष्टीतली गोम तारखेत आहे. व्हिएतनामचे अध्यक्ष हो ची मिन्ह वारले २ सप्टेंबर १९६९ ला. अमेरिकेशी करार झाला १९७३ मध्ये, अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली ३० एप्रिल १९७५ ला. 'युद्ध जिंकल्यावर पत्रकारांनी हो ची मिन्हना विचारलं' हे व्हायला पत्रकार स्वर्गात जायला हवे होते. 'हो ची मिन्ह नाही, नंतरचे अध्यक्ष' अशीही एक आवृत्ती फिरते. तिच्यात वर्तमानपत्राचं नाव नाही, तारीख नाही, वार्ताहर नाही.

आणि ते लोक उसनं घेतलेलं लपवत नाहीत. २ सप्टेंबर १९४५ ला हनोईत हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, त्याची सुरुवातच अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यातल्या वाक्यानं आहे, तसं सांगून. महाराजांचं घेतलं असतं तर महाराजांचं नावही घेतलं असतं.

जाता जाता: 'गनिमी काव्या'तला 'गनीम' हा शब्द मुळात अरबी, अर्थ शत्रू. डोंगरदऱ्यांचा फायदा घेऊन मोठ्या फौजेला दमवण्याचं तंत्र महाराजांच्या आधी निजामशाहीच्या मलिक अंबरानं दख्खनमध्ये वापरलेलं आहे. महाराजांचं मोठेपण त्यानं तसूभर कमी होत नाही.

----

भडंग_स्पेशल

आलेच पुणेकर. कुठल्याही चांगल्या गोष्टीला टाचणी लावायची. महाराजांचं नाव जगात होतंय तर तुमच्या पोटात का दुखतंय?

----

तळटीप

मी मिरजेचा आहे.

----

कोरेगावचा_मास्तर

भांडू नका रे. भडंगराव, तुमचा राग मला कळतो, कारण तो परवापर्यंत माझाच होता. पण बसल्या बसल्या एक विचार करा. प्रतापगड आपल्या जिल्ह्यातला. १० नोव्हेंबर १६५९. खानाला जावळीच्या जंगलात ओढून आणला, जिथं त्याचे हत्ती, उंट, तोफा असून नसल्यासारखे. उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ ला मोगल सरदार कारतलबखानाचं तेच. नदीतले खुंट बघताना मला राहून राहून जावळी दिसत होती. त्यांनी आपल्याकडनं घेतलं नाही, आपणही त्यांच्याकडनं नाही. दोघांनी आपापल्या जमिनीकडं नीट बघितलं. ही गोष्ट माझ्या जुन्या गोष्टीपेक्षा मला जास्त आवडायला लागलीय, पण तिच्यात टाळीची जागा कुठं येते ते अजून सापडेना.

----

सहल_खुर्द

धाग्याला थोडं खाली उतरवते. जूनमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन जायचं आहे. व्हिसा, जेवण, चालणं?

----

कोरेगावचा_मास्तर

ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे. जेवणाला 'चाय' हा शब्द पाठ करा आणि हातावर लिहूनही ठेवा. माशाच्या पाण्यासारखा एक सॉस बहुतेक सगळ्यात घालतात, शाकाहारी माणसानं तेवढं बघावं. शेंगदाण्याची चटणी न्या. संग्रहालयात जिना आहे, सासऱ्यांचे गुडघे विचारात घ्या. दुपारी दीड तास बंद असतं ते वर सांगितलंच. जूनमध्ये मात्र उकाडा मरणाचा, जानेवारीत स्वेटर लागला.

----

टेम्सकाठ

मास्तर, तुमचं वाचून माझी लंडनची एक दुपार आठवली. मी मूळची साताऱ्याची, मंगळवार पेठ. इथं आले त्या वर्षी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वाघनखं शोधत गेले होते. दोन-तीन ठिकाणी विचारल्यावर सापडली. इतकी छोटी! लहानपणापासून डोळ्यांपुढं होती ती कोयत्याएवढी.

त्यांच्या नोंदीत आहे ते असं: ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी होता, त्याला ती तिथं मिळाली, पुढं त्याच्या वंशजानं म्युझियमला दिली. ज्या डबीत ती आली तिच्यावर 'शिवाजीची वाघनखं' असं लिहिलंय. आणि म्युझियम स्वतःच म्हणतं की हीच ती, असं खात्रीनं सांगता येत नाही. तेव्हा मला भयंकर राग आला होता. आमची वस्तू नेली ती नेली, वर शंकाही घेताय?

मग जुलै २०२४ मध्ये तीच नखं साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयात आली, सात महिन्यांसाठी. आई रांगेत उभी राहून बघून आली. फोनवर विचारलं, कशी वाटली? म्हणाली, 'अगं, पोलिस चला चला म्हणत होते, पण काचेत माझा चेहरा दिसला आणि त्याच्या मागं ती. तेवढं पुरलं.' खरी-खोटीचं तिनं काढलंच नाही. मीही नाही काढलं.

लंडनमध्ये ती बघताना मी घरची होते की पाहुणी, हे मला अजून उमगलेलं नाही.

----

तळटीप

@टेम्सकाठ, फार छान लिहिलंत. 'खात्रीनं सांगता येत नाही' असं लिहून ठेवणारं संग्रहालय मला जास्त विश्वासाचं वाटतं, पण ते आईंना सांगू नका.

----

हळद_अडत

आमचा धंदा सांगलीत, हळदीचा. परदेशातनं गिऱ्हाईक येतं, माल बघून झाला की विचारतं, इथं बघण्यासारखं काय? म्हणजे मी उलट्या बाजूनं सांगतो.

एकदा एक डच जोडपं होतं. पहिल्या दिवशी आपल्या भागातल्या एका संग्रहालयात नेलं, नाव घेत नाही. कुलूप. किल्लीवाला जेवायला गेला होता. तासाभरानं आला, दिवे लावले, आणि आम्ही कुठल्या कपाटापुढं किती वेळ उभं राहतो यावर लक्ष ठेवत मागं मागं फिरला. तलवारीपुढं पाटी: 'तलवार'. पुढच्या तलवारीपुढं: 'तलवार (लहान)'. डच बाईंनी विचारलं, कुणाची, कधीची? मी म्हणालो, फार जुनी. दुसरं काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी भीतभीतच सातारा जिल्ह्यातल्या औंधला नेलं. यमाईचं दर्शन करून टेकडीवरचं भवानी संग्रहालय. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेलं. रविवर्म्याची चित्रं त्यांनी सावकाश बघितली. आणि मग तो डच माणूस एका दगडी शिल्पापुढं थबकला तो हलेचना. आई आणि मूल. हेन्री मूर, इंग्लंडचा नावाजलेला शिल्पकार! त्याला विश्वासच बसेना. बायकोला हाका मारतोय, खाली वाकून बघतोय. मला म्हणाला, हे इथं कसं? मी सांगितलं, आमच्या राजानं घेतलं. छोट्या संस्थानाचा राजा, सूर्यनमस्कार घालणारा, खेड्यांना स्वराज्य देणारा. नंतरची दोन वर्षं माल घेताना तो भावाचं बोलायच्या आधी औंधची चौकशी करायचा.

तिकिटाचंही सांगतो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आपल्याला २० रुपये, परदेशी माणसाला ६५०. तोच डच म्हणाला, पैशाचं काही नाही, पण खिडकीवरच कळतं की आपण पाहुणे नाही, गिऱ्हाईक आहोत. मी स्वतः अडत्या, मला काय बोलायचं तोंड!

----

कुंडलचा_पाव्हणा

मास्तर, तुम्ही इतिहासाचे मास्तर म्हणून मुद्दाम सांगतो. ज्यानं फ्रेंचांना १९५४ मध्ये दिएन बिएन फूला हरवलं तो जनरल ज्याप, तोही इतिहासाचाच मास्तर. हनोईत शाळेत शिकवायचा. छप्पन्न दिवसांचा वेढा, आणि रसद सायकलींवर. सायकलीच्या दांड्याला बांबू बांधून दोन-दोनशे किलो ओझं घालून माणसं डोंगर चढायची, चालवत नव्हे, ढकलत. हनोईच्या लष्करी संग्रहालयात अशा सायकली आहेत. ते आता २०२४ पासून शहराबाहेरच्या नव्या इमारतीत गेलंय. पुढच्या वेळी ते बघा.

आणि आपल्याकडं सांगायचं तर १९४३ ते ४६ मध्ये आपला सातारा जिल्हा, म्हणजे आजचा सांगलीसुद्धा, काय कमी होता का? क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून पगाराची रक्कम घेतली, १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याचा खजिना. गावोगाव न्यायनिवाडे, गुंडांना पत्रीची शिक्षा. आमच्या आज्ज्यानं रात्री भाकरी पोचवल्यात. तो म्हणायचा, 'भाकरी कुणाला द्यायची ते ठावं नसायचं, कुठल्या बांधावर ठेवायची तेवढं ठावं असायचं.' हे गनिमी काव्यातलंच की. याला कुणा परदेशी अध्यक्षाचं प्रमाणपत्र कशाला पाहिजे?

----

पैलतीर

+१. आज्ज्याचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

----

सहल_खुर्द

मास्तर, त्या चाम मूर्तींचं अजून सांगा ना. तिकडं आपले देव कसे?

----

कोरेगावचा_मास्तर

मध्य आणि दक्षिण व्हिएतनामात चाम लोकांचं चंपा नावाचं राज्य होतं, शेकडो वर्षं. राजांची नावं भद्रवर्मन वगैरे, देव भद्रेश्वर. 'मी सॉन' नावाच्या ठिकाणी त्यांच्या विटांच्या देवळांचा समूह आहे, १९९९ पासून जागतिक वारसा यादीत. तिथली काही देवळं आपल्या पुरातत्त्व खात्यानं दुरुस्त केली, आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग निघालं.

हनोईच्या संग्रहाचा सगळ्यात मोठा ठेवा मला वाटतं व्हो कान्हचा शिलालेख. न्हा चांगजवळ सापडलेला, संस्कृतातला, आग्नेय आशियातल्या सर्वांत जुन्या संस्कृत लेखांपैकी. काळाबद्दल विद्वानांत दुसऱ्या ते चौथ्या शतकापर्यंत वाद आहे. संस्कृत म्हटल्यावर मी वाचायला सरसावलो. लिपी ब्राह्मीच्या दक्षिणी वळणाची. एक अक्षर लागेल तर शपथ. व्हिएतनामी पोरांना तो जितका परका, तितकाच मला.

आणि एक गंमत. हनोईत तळ्याचं नाव होआन किएम, म्हणजे 'परत दिलेली तलवार'. ले लोई नावाच्या राजानं १४१८ ते १४२७ अशी दहा वर्षं डोंगरात राहून मिंग चिन्यांशी झुंज दिली. त्याला म्हणे दैवी तलवार मिळाली होती. जिंकल्यावर तळ्यातलं कासव वर आलं आणि म्हणालं, आता परत दे. आमच्या भवानी तलवारीची गोष्ट सांगितली असती तर त्या बाईंना एका दमात कळली असती. फोननं मात्र भवानीचं काय केलं असतं, देव जाणे.

----

तळटीप

भारत-व्हिएतनाम नातं हवंच असेल तर खरी उदाहरणं पडलीत. हो ची मिन्ह फेब्रुवारी १९५८ मध्ये भारतात आले होते. १९५९ मध्ये राजेंद्र प्रसादांनी हनोईच्या त्रान क्वोक पॅगोडात बोधिवृक्षाचं रोप लावलं, ते झाड आज उभं आहे. आणि कोलकात्यात ज्या रस्त्यावर अमेरिकेची वकिलात आहे, त्या रस्त्याचंच नाव बदलून हो ची मिन्ह सरणी ठेवलं. पत्ता लिहिताना रोज आठवण! याला म्हणतात गनिमी कावा.

----

भडंग_स्पेशल

हा हा. हे आवडलं. टाचणी मागं घेतो.

मास्तर, एक सांगायचं होतं, राहवत नाही. मी नववीत असताना तुम्ही आमच्या आजोळच्या गावात शिवजयंतीला आला होता. मी पहिल्या रांगेत मांडी घालून. तुमचं भाषण मी वहीत शब्दन् शब्द उतरवलं आणि वक्तृत्व स्पर्धेत केलं, मातीवाल्या शेवटासकट. तुम्ही थांबायचा तिथंच थांबलो. जिल्ह्यात दुसरा नंबर. ढाल अजून आमच्या टीव्हीवर आहे. आता सांगा मला राग येणार नाही तर काय होईल.

----

कोरेगावचा_मास्तर

(दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा.)

अशी किती पोरं असतील याचा हिशोब करत होतो. वर्षाला सात-आठ भाषणं, पंधरा वर्षं. मग हिशोब सोडून दिला.

भडंगराव, चुकलं माझं. मास्तरानं विचारायला पाहिजे होतं, कुठं छापलंय. वर्गात पोरांना उठता-बसता विचारायचो की, संदर्भ काय? पान नंबर काय?

----

कोरेगावचा_मास्तर
२० फेब्रुवारी, रात्री १०.१५

काल तिन्ही भाषणं झाली. दोन ठिकाणी जमलं नाही. जुना शेवट टाळला आणि नवीन नीट मांडता आला नाही, भाषण नुसतं संपलं. एका ठिकाणी मंडळाचा अध्यक्ष कानात म्हणाला, 'सर, व्हिएतनाम राहिलं.'

तिसऱ्या गावात मात्र सरळ कबूल केलं. म्हणालो, इतकी वर्षं मी एक गोष्ट सांगत आलो, ती मला कुठंच सापडली नाही, मी त्या देशात जाऊन बघून आलो. मंडप गप्प. मग जावळी सांगितली, आणि मग बाक डांग. त्या बाईंनी केलं तसं केलं. डाव्या हाताची बोटं ताठ, उजवा तळवा आडवा, पुढच्या रांगेतल्या एका पोराला वर घेतला, त्याच्या पायातली चप्पल म्हणजे जहाज. तळवा खाली आणला, चप्पल अडकली, पोरं हसली.

तेवढ्यात मागनं एका पाचवीतल्यानं हात वर केला. 'सर, पाणी खाली कसं गेलं? धरणाचं दार उघडलं का?'

भरती-ओहोटी सांगायची राहिलीच होती. कृष्णेकाठची पोरं, त्यांनी कुठं बघितलीय ओहोटी! मग चंद्रापासनं सुरुवात. पाऊण तास गेला, स्पीकरवाला वायर गुंडाळायला लागला, तरी पोरं उठेनात. टाळ्या वाजल्या की नाही, लक्षात नाही.

----

टेम्सकाठ

चप्पल! :))

----

भडंग_स्पेशल

सर, मग ढाल उतरवू का टीव्हीवरनं?

----

कोरेगावचा_मास्तर

राहू दे रे. ती वक्तृत्वाची आहे, इतिहासाची नाही.